एक ओळ पुरली असती

लातूर,
शनिवार, दि. ८ नोव्हेंबर २०२५

बुद्धप्रिया,
सप्रेम जयभीम.

हे दोन शब्द लिहितानाच पेन अडखळला, खोटं कशाला बोलू. नांदेडला कॉलेजात चार वर्षं तू मला जयभीम म्हणायचीस आणि मी 'हां हां, नमस्कार' करून पुढं सटकायचो. आता आठ महिने तोंड न दाखवता कागदावर सुचलंय. हस तू, हसण्यासारखंच आहे.

तुम्ही सगळे खुशाल असाल. काकूंचे गुडघे कसे आहेत? त्यांचं पायी फिरणं कमी झालं का, का अजून तांड्या-तांड्यावर चालतच जातात? इकडं मी बरा आहे. आबांची सोयाबीन निघाली, तूर फुलावर आहे. पुनम दिवाळीला माहेरी निलंग्याला आली होती, चांगली गुबगुबीत झालीय. परवा ऑफिसात आदर्शनं सांगितलं की तू नांदेडला कॉम्प्युटर क्लासवर शिकवून राहिलीस. "पोरी लई खूश हायेत म्हणे तिच्यावर," असं म्हणाला. ऐकून बरं वाटलं. म्हणजे बरं वाटलं असं आदर्शला म्हणालो.

फोन लागत नाही, तू नंबर ब्लॉक केलाय. बरोबर केलंस. म्हणून पाकीट नायगावच्या पत्त्यावर टाकतोय. म्हणजे आधी काकूंच्या हाती पडणार आणि त्या तुला मोठ्यानं वाचायला लावणार. म्हणून तुला माहीत असलेलंही जरा फोड करून लिहितो, त्यांनाही कळावं.

आता कामाचं. बुधवारी मला हैदराबादहून, तू मुलाखत दिलीस त्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला, हिंदीत. म्हणाल्या, तुझी निवड जवळजवळ झालीय. आशाताईंच्या लसीकरणाच्या ॲपमधला रेंज नसताना चालणारा भाग तू लिहिलास, असं तू मुलाखतीत सांगितलंस आणि तेच त्यांना आवडलं. पण त्यांनी आपल्या ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, 'नोंदीत ते सगळं काम दयानंदच्या नावावर आहे.' आता त्यांना वाटतंय तू खोटं बोललीस. मला म्हणाल्या, खरं काय ते पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही दुसरा उमेदवार घेतो.

मी म्हटलं, तपासून सांगतो.

काकू, आमचं काम लिहून झालं की ते गिट नावाच्या एका वहीत नोंदवावं लागतं. प्रत्येक नोंदीवर ती कुणी केली त्याचं नाव आपोआप बसतं. ते नाव ज्याच्या-त्याच्या लॅपटॉपमधल्या एका बारीक फायलीतून उचललं जातं. आणि नोंद करताना 'आज काय केलं' हे लिहायला एक पाटी उघडते, तिला एडिटर म्हणतात. एवढंच. याच्यातच सगळं घोडं पेंड खातंय.

तुला आठवत असेल, मागच्या वर्षी जुलैत तू रुजू झालीस त्याच आठवड्यात. तू पहिली नोंद करायला गेलीस आणि ती जुनाट काळी पाटी उघडली, डाव्या कडेला नुसत्या वळवळत्या रेघा. काही टाइप केलं तर उमटेना, बाहेर पडायचं तर पडता येईना. तू तसाच लॅपटॉप उचलून माझ्या टेबलावर आणलास. "दया, हे गिळून बसलंय रे, सोडंना." सगळे खो खो हसले. मी तर लई हसलो. म्हटलं, याच्यात शिरायला कुणालाही येतं, बाहेर पडायला शिकावं लागतं. आणि मोठ्या रुबाबात म्हटलं, थांब, तुला साधं नोटपॅड लावून देतो.

त्याला एक ओळ पुरली असती. एकच हुकूम द्यायचा, की इथून पुढं पाटी नोटपॅडची उघड. पण मला तेवढी एक ओळ टाइप करायचा कंटाळा आला. पेनड्राइव्हवर माझी स्वतःची सेटिंगची फाईल होती, ती सगळीच्या सगळी तुझ्या लॅपटॉपमध्ये टाकली. नोटपॅडची ओळ त्या फायलीत खाली होती. वर पहिल्यांदा माझं नाव होतं आणि माझा मेल होता.

म्हणजे त्या दिवसापासून तू केलेल्या प्रत्येक नोंदीवर माझं नाव बसत गेलं. तुला दिसलंही नाही. माझ्याच फायलीत यादी आखूड दाखवायची सोय होती, तिच्यात नावं येतच नव्हती. तुझं काहीच चुकलं नव्हतं, बुद्धप्रिया. मार्चच्या मीटिंगनंतर जिन्यात तू म्हणालीस ना, "माझंच सेटिंग काहीतरी चुकलं असंल," ते डोक्यातून काढून टाक. सेटिंग माझं होतं.

मलाही हे त्या मीटिंगमध्येच कळलं. शिवशंकर सरांनी पुण्याहून यादी दाखवली, तुझ्या नावापुढं शून्य, तेव्हा मी चक्रावलोच. गडबडीत जे व्हायचं ते झालं.

आता मी सुचवतो ते शांतपणे वाच. मी हैदराबादला कळवतो की तो भाग आपण दोघांनी मिळून केला. तूही तसंच सांग. नोंदी एकाच्या नावावर गेल्या, असं होतं कधीकधी. म्हणजे तुझी नोकरीही राहील आणि इकडं उगं जुनं उकरलं जाणार नाही. सरांनी मला एप्रिलमध्ये टीम लीड केलंय, तुला कळलंच असेल. दोघांचंही नुकसान न होता मार्ग निघत असेल तर काय वाईट आहे?

काकूंना नमस्कार सांग. उत्तराची वाट पाहतो.

तुझा हितचिंतक,
दयानंद

---

लातूर,
गुरुवार, दि. १३ नोव्हेंबर २०२५

बुद्धप्रिया,

शनिवारचं पत्र टाकलं नव्हतं. पाकीट चिकटवून बॅगेत ठेवलं होतं, तिकीटही लावलं होतं. ते फोडून सोबत जोडतोय. आधी फाडून टाकणार होतो. पण माझं नवं तोंड बघताना तुला जुनंही दिसावं. 'हितचिंतक' हा शब्द आज खोडणार होतो, तसाच ठेवला.

त्या पत्रात एक गोष्ट साफ खोटी आहे. ती कोणती, हे सांगायला मला पाच दिवस लागले.

मी हैदराबादच्या बाईंना 'तपासून सांगतो' म्हटलं होतं. तपासायचं काय होतं डोंबल? मला सगळं ठाऊक होतं. पण रविवारी दुपारी म्हटलं, निदान तोंडदेखलं तरी तपासू. ऑफिसात कुणी नव्हतं. तुझा लॅपटॉप कपाटात पडलाय, 'बॅटरी खराब' अशी चिठ्ठी लावून. चार्जर जोडून चालू केला. माझी फाईल तशीच होती. वर माझं नाव, खाली नोटपॅड.

मग तुझ्या नोंदी उघडल्या. एकशे त्रेचाळीस. शिवशंकर सर, मी, आदर्श, आम्ही सगळे नुसती वरची एक ओळ बघतो, इंग्रजीतली. त्या ओळीखाली तू काय काय लिहून ठेवलंयस हे कुणी कधी बघितलंच नाही. नोटपॅड उघडलं की तू मराठीत लिहीतच सुटायचीस, बाई. मी आयुष्यात 'दुरुस्ती केली' याच्यापुढं नोंद लिहिली नाही, आणि तू एकेका नोंदीत अख्खी चिठ्ठी लिहिलीयस.

एक अशी आहे: 'तांड्यावर रेंज नसते. आशाताई लिंबाच्या फांदीला फोन टांगतात आणि खाली बसून वाट बघतात. आजपासून नोंद आधी फोनमध्येच राहील, रेंज आली की आपली आपण जाईल. झाड लागणार नाही.'

दुसरी: 'माझी आई कोंडाबाई, आशासेविका, नायगाव, हिनं आज स्वतः चालवून बघितलं. दोनदा अडकलं. दोन्ही वेळा चूक माझी निघाली. तिसऱ्यांदा म्हणाली, आता जमलं माय.'

आणि वर लेखकाचं नाव, दयानंद. माझी आई तारामती, निलंग्याची, तिला मेसेज उघडता येत नाही. कुणी एकानं, एकदा जरी खाली वाचलं असतं, तरी कळलं असतं हे काम कुणाचं आहे. एवढं ढळढळीत होतं.

मग मी डिसेंबरच्या नोंदींवर आलो. आता ते खोटं सांगतो.

मला मार्चमध्ये कळलं नाही. मला डिसेंबरमध्ये कळलं. पुनमच्या लग्नासाठी मी अकरा दिवस निलंग्याला होतो. परत आल्यावर यादी बघितली तर त्या अकरा दिवसांत माझ्या नावानं रोज काम झालेलं! मी तिकडं मांडवात पाहुण्यांना पाट मांडून राहिलो होतो आणि इकडं माझं नाव लातुरात बसून कोड लिहीत होतं. दोन मिनिटांत ध्यानात आलं काय झालंय. मी हसलो. खरंच हसलो, म्हटलं, अरे देवा, उद्या बुद्धप्रियाला सांगू, चहा काढू तिच्याकडून.

त्याच दुपारी सरांचा फोन आला. "दयानंद, सुट्टीवर असूनही काम केलंस. असं माणूस पाहिजे." मी म्हटलं, थँक्यू सर.

बस. तेवढंच. त्या थँक्यूनंतर 'उद्या' काही उगवला नाही. तुला सांगायचं तर थँक्यूचंही सांगावं लागलं असतं. आधी एक दिवस गेला, मग संक्रांत गेली, मग तू फेब्रुवारीत तो सगळा भाग पुरा केलास आणि सरांनी मेलवर सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. तू माझ्या टेबलाशी येऊन म्हणालीस, "अभिनंदन दया, पण माझं पण नाव घ्यायचं होतं की सरांनी." मी म्हटलं, पुढच्या वेळी घेतील. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि वर फणा काढून तुझ्याशी गोड बोलत होता.

मार्चच्या मीटिंगमध्ये मी चक्रावलो नव्हतो. मला ती यादी येणार हे माहीत होतं. तू उभी राहिलीस, "सर, मी रोज काम केलंय," म्हणालीस आणि माझ्याकडं बघितलंस. "दया, सांग ना." मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. 'तसं टीमवर्क होतं सर.' तोंडात मिठाची गुळणी धरली असती तरी परवडलं असतं. गप्प बसणारा निदान भित्रा असतो. मी तर बोललो, आणि बरोबर मोजून बोललो.

सरांनी तुला कामावरून काढलं आणि तू खाली उतरलीस, त्यानंतरचं सांगावं का न सांगावं, चार दिवस कळेना. तुला लागेल. पण तुझ्यामागं जे झालं ते तुझ्याबद्दल होतं, ते लपवायचा हक्क मला नाही. सरांचा पुण्याचा फोन चालूच होता. सर म्हणाले, "ॲडमिशन कशी मिळाली असेल ते दिसतंच आहे." दोघं-तिघं हसले. मीपण हसलो. बुद्धप्रिया, मेरिट लिस्टमध्ये तू माझ्या वर होतीस. माझी अर्धी प्रॅक्टिकलं मी तुझ्या वहीतून उतरवली. त्या खोलीत हे माहीत असलेला मी एकटा होतो, आणि मी हसलो.

अजून एक राहिलं. लग्नाची पत्रिका सगळ्या ऑफिसला दिली, तुलाही दिली. पण देताना तुला एकटीलाच म्हटलं, "निलंगा लांब पडतं, नाही जमलं तरी चालंल." आदर्शला तसं म्हटलं नव्हतं. काहून म्हटलं ते तुला तेव्हाच कळलं होतं, तू नुसतं "हाव, बघते" म्हणालीस. आमच्या घरात पंगतीला कोण बसतं नि कोण नाही, यावर आमचे चुलते काय बोलतील त्याची मला भीती. काकूंच्या हातचे धपाटे नि दही मी तुमच्या ओट्यावर बसून तीनदा मागून खाल्लंय. तेव्हा काही लांब पडलं नव्हतं.

त्या अकरा दिवसांतली शेवटची नोंद रविवारी वाचली. डिसेंबरमध्ये मी वरची ओळ बघून पुढं गेलो होतो. तू लिहिलंयस: 'दयानंद सुट्टीवर, बहिणीचं लग्न. त्याचा राहिलेला भागही आज मीच पुरा करून टाकला. आल्यावर त्याला कुणी बोलू नका, उगं वशाळेल बिचारा.' त्या नोंदीवरही नाव माझंच.

मी लॅपटॉप मिटला आणि खुर्चीत रडलो. हे कीव यावी म्हणून सांगत नाही. रडून माझं काहीच बिघडलं नाही, सोमवारी मी नेहमीसारखा डबा घेऊन ऑफिसला गेलो आणि दिवसभर टीम लीडच्या खुर्चीत बसलो. अंगात मस्ती तर बघ.

मंगळवारी सकाळी हैदराबादला मेल केला. त्या फायलीचा फोटो, तुझ्या लॅपटॉपचा नंबर, काकूंची नोंद, ते अकरा दिवस, पुनमच्या लग्नाची पत्रिकासुद्धा जोडली. लिहिलं की सगळं काम एकट्या बुद्धप्रियाचं आहे, 'मिळून' वगैरे काही नाही, आणि मला ते डिसेंबरपासून माहीत होतं. बाईंचा फोन आला. पूर्ण ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाल्या, "हे तुम्ही मार्चमध्ये सांगायला हवं होतं." म्हटलं, हो. निर्णय त्या तुलाच कळवतील, काय ते त्या बोलल्या नाहीत, आणि विचारायचं तोंड मला नव्हतं.

काल बुधवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शिवशंकर सरांना सांगितलं. तुझं काम, माझी फाईल, माझं थँक्यू, आणि ते हसणं पण. सर म्हणाले, "वेड लागलंय का तुला? मिटलेलं कशाला उकरतोस?" म्हटलं, तुमचं मिटलं असेल सर, तिची नोकरी गेली. मग म्हणाले, लेखी दे. दिलं. आदर्श माझ्याशी बोलत नाही. तुझ्या वेळी का बोललो नाही म्हणून तो स्वतःवर चिडलाय का माझ्यावर, मला माहीत नाही. माझ्या खुर्चीचं पुढं काय होईल ते होवो, ते तुला कळवून मी मोठेपणा मिळवणार नाही.

एक काम मात्र माझ्या हातून होऊ शकलं नाही. जुन्या नोंदींवरची नावं बदलायची म्हटलं तर सगळी वही फाडून पुन्हा शिवावी लागते, चालू काम मोडतं. आणि गुपचूप बदलली असती तर ते पण झाकणंच झालं असतं. म्हणून सगळ्यांत वर एक नवी नोंद केली. नोटपॅड उघडलं आणि पहिल्यांदाच एका ओळीच्या पुढं लिहिलं:

'याखालच्या एकशे त्रेचाळीस नोंदींवर माझं नाव आहे. त्यातलं एक अक्षर माझं नाही. ते काम बुद्धप्रियाचं आहे, नायगावची. तिचा एडिटर बदलून देताना मी माझं नाव तिच्या कामावर चिकटवलं, ती चूक होती. नंतर अकरा महिने माहीत असून गप्प बसलो, ती चूक नव्हती, ती चोरी होती.'

ही नोंद आता कुणाला पुसता येणार नाही, पुसली तरी पुसल्याचं दिसेल. जो कुणी त्या ॲपची वही उघडेल त्याला आधी हे वाचावं लागेल. निदान वरची ओळ तरी.

काकू, तुम्ही हे ऐकत असाल तर, तुमच्या ओट्यावर जेवलेला माणूस असा निघाला. माझं ऐकून तुम्ही 'जाऊ दे माय' म्हणाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. एवढ्या वेळी म्हणू नका.

बुद्धप्रिया, शनिवारच्या पत्रात मी उत्तर मागितलं होतं. ते मागणं परत घेतो. नंबर ब्लॉकच राहू दे. माफीही मागत नाही, मागितली की तुला काहीतरी म्हणावं लागेल, आणि माझ्यासाठी तू आजवर पुष्कळ लिहिलंयस.

पुन्हा एकदा, यावेळी न अडखळता, जयभीम.

हे सगळं लिहिणारा, या वेळी खरोखर मीच,
दयानंद